माळ्यावरची ट्रंक: व्हिएन्नाहून मुंबईला आलेल्या एका ज्यू निर्वासिताचे कागद

घरच्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं कुणाचीच नाहीत, ओळख पटेल असे दोन-चार तपशील मुद्दाम बदललेत. जुन्या कागदांशी माझा रोजचा संबंध असतो, पण तो बहुतेक मोडी दप्तरांशी, खतं-हिशेब वगैरे. त्यामुळे हे काम अंगावर आलं तेव्हा मलाही बरंच काही नव्याने शिकावं लागलं आणि एकदोन ठिकाणी मी चुकलोही, तेही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

पुण्यातली एक जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. तीन महिन्यांत घरं रिकामी करायची होती, मग काय, प्रत्येक घरात होतं तेच, माळे उपसले गेले. एका घराच्या माळ्यावर जुन्या गाद्या आणि तांब्याच्या बंबामागे निळ्या पत्र्याची एक ट्रंक निघाली. ती आजोबांची. आजोबा म्हणजे व्हिएन्नाचे ज्यू, शिक्षणाने केमिस्ट, फेब्रुवारी १९३९ मध्ये जिनोआहून इटालियन बोटीने मुंबईला उतरलेले. इथे रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, मिरजेला नर्सिंग शिकलेल्या मराठी मुलीशी लग्न केलं, पुढे पुण्यात आले आणि १९७१ ला गेले. घरात त्यांनी जर्मन कधी काढलंच नाही. मोडकंतोडकं मराठी आणि मुंबईची हिंदी, बस. शेजारपाजारचे त्यांना बेने इस्रायलच समजायचे, कारण ज्यू म्हटलं की आपल्याकडे कोकणातले शनिवार तेली तेवढे माहीत, आणि आजोबांनीही कुणाला कधी दुरुस्त केलं नाही.

आता घरात कोण, तर आजोबांचा मुलगा, त्यांना मी काका म्हणतो, वय ७५. त्यांची धाकटी बहीण कॅनडात, तिला सगळे आत्या म्हणतात तर मीही तेच म्हणेन. आणि काकांचा मुलगा, म्हणजे नातू, आयटीत आहे, मला फोन त्यानेच केला. "दादा, ट्रंकभर जर्मन कागद आहेत, रद्दीत घालवत नाही, पण करू काय ते सांग."

ट्रंकेत साधारण अडीचशे कागद होते. वर डांबरगोळ्यांचा भुगा, खाली सुतळीने बांधलेले गठ्ठे. जर्मन राईशचा पासपोर्ट (ऑस्ट्रिया तेव्हा हिटलरच्या जर्मनीत सामील केलेला), पहिल्या पानावर लाल रंगात मोठा 'जे'. हा शिक्का ज्यूंच्या पासपोर्टवर ऑक्टोबर १९३८ पासून मारायला लागले. नावात मध्येच 'इस्रायल' घुसवलेलं, कारण १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांना इस्रायल आणि बायकांना सारा हे नाव लावायची सक्ती होती, म्हणजे आईबापांनी ठेवलेलं नाव असेल ते असो, सरकार आणखी एक चिकटवणार. डाखाऊ या नाझींच्या छळछावणीतून सुटल्याची चिठ्ठी, जानेवारी १९३९ ची. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंची दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली-जाळली, त्या दंगलीच्या रात्रीनंतर जे तीसेक हजार ज्यू पुरुष उचलले गेले त्यात हेही होते, आणि सुटका बहुतेकांना देश सोडतो या बोलीवरच मिळायची. कर बाकी नसल्याचा दाखला, तो नसेल तर बाहेर पडताच यायचं नाही. त्यातही गंमत अशी, गंमत कसली, क्रूरपणा म्हणा, की ठरावीक मालमत्तेच्या वर असाल तर देश सोडायचा कर म्हणून चौथा हिस्सा सरकारजमा करायचा आणि खिशात रोख न्यायची दहा मार्क.

भारतातलेही कागद होते. ज्यूइश रिलीफ असोसिएशन ही संस्था मुंबईत १९३४ पासून अशा लोकांसाठी काम करायची, तिची दोन पत्रं. परदेशी म्हणून पोलिसात केलेली नोंदणी. आणि अहमदनगरच्या नजरकैदेचे कागद, हे बघून मात्र काका चक्रावलेच. सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं तसं इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाले सगळे पुरुष उचलले आणि नगरला ठेवले. म्हणजे ज्या पासपोर्टवर ज्यू म्हणून शिक्का, त्याच पासपोर्टमुळे हा माणूस इथे शत्रू ठरला. चौकशी समितीपुढे सुनावणी झाली आणि काही महिन्यांनी सुटले. छावणीत नाझी पक्षाचे लोक आणि हे, एकाच कुंपणाच्या आत.

आणि पत्रं. व्हिएन्नाहून आईने लिहिलेली, एकूण ५८. शिवाय रेडक्रॉसचे चार फॉर्म.

अडचण नेमकी काय होती

मला बोलावलं ते "कुठे द्यायचे हे कागद" या प्रश्नासाठी. आत्याचं म्हणणं, न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटला द्या, तिथे जर्मन भाषिक ज्यूंच्या कुटुंबांचे कागद जपतात आणि ऑनलाइन ठेवतात, आणि ते तिच्या हातून जायला हवेत. तिला दुसरं कारणही होतं. सप्टेंबर २०२० पासून ऑस्ट्रियाने छळामुळे पळालेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व द्यायला सुरुवात केलीय, तिला अर्ज करायचा होता आणि त्यासाठी ओरिजिनल लागतील असं तिने धरून ठेवलेलं. काकांचं म्हणणं, वडिलांची एवढीच वस्तू राहिलीय, ती घराबाहेर जाणार नाही. नातवाला पासपोर्ट फ्रेम करून नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायचा होता.

तिघंही भांडत होते ते न वाचलेल्या कागदांवरून. ट्रंकेत काय आहे हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. पासपोर्ट ओळखू येतो म्हणून तो महत्त्वाचा, पत्रं वाचता येत नाहीत म्हणून ती नुसता गठ्ठा, असं झालेलं.

त्यात दोन नुकसानं आधीच होऊन बसली होती. पहिलं, नातवाने मी पोचायच्या आठवडाभर आधी डाखाऊची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. प्रेमानेच केलं, कागद घडीवर फाटत होता. पण गरम लॅमिनेशनचा गोंद कागदाच्या तंतूंत मुरतो, तो काढायला गेलं तर शाईसकट पापुद्रा निघतो. कागद-संवर्धन करणाऱ्या बाईंना फोटो पाठवले तर त्यांचं उत्तर एका ओळीचं, आहे तसं राहू द्या. दुसरं नुकसान ६०-६५ वर्षं जुनं. पत्रं होती, पाकिटं जवळपास नव्हती. जी दोनचार होती त्यांचे तिकिटाचे कोपरे कात्रीने चौकोनी कापलेले. विचारलं तर कुणीच बोलेना, मग काका खाली बघत म्हणाले, "मीच. अकरा वर्षांचा होतो, तिकिटं जमवायचो."

पाकीट गेलं की काय जातं? पोस्टाची तारीख, पत्ता, आलेला मार्ग, सेन्सॉरने उघडल्याची पट्टी. आईने पत्रांना नंबर घातले होते, त्या काळी बरेच जण घालायचे, मधलं एखादं गहाळ झालं तर कळावं म्हणून. शेवटचा नंबर ७१. म्हणजे १३ पत्रं एकतर पोचलीच नाहीत किंवा नंतर हरवली. पण बऱ्याच पत्रांवर तारीख म्हणून नुसता वार, "रविवारी संध्याकाळी" वगैरे, आणि आता कोणता रविवार ते पाकिटाशिवाय सांगता येत नव्हतं.

काय काय पर्याय होते

एक, आत्या म्हणते तसं सगळं न्यूयॉर्कला. संस्था चांगली, शंका नाही. पण इथे कायदा आडवा येतो आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात नुसत्या मूर्ती आणि नाणी नाहीत, ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तोही पुरावस्तू ठरू शकतो आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. १९३९ चा कागद २०१४ लाच ७५ चा झाला. आता एका केमिस्टचा पासपोर्ट 'ऐतिहासिक मोलाचा' आहे का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल, पण तो वाद विमानतळावर कस्टमच्या टेबलापुढे उभं राहून घालायचा नसतो. आत्या डिसेंबरात येणार होती आणि म्हणाली, "अरे हँडबॅगेत मावतील, कोण बघतंय." हा खरा कळीचा क्षण होता. मी सरळ सांगितलं, पुरातत्त्व खात्याकडे विचारा, ते नाही म्हणाले तर प्रश्न मिटला, हो म्हणाले तर लेखी घ्या, पण तोवर हँडबॅग नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दोन, वाटणी. निम्मे काकांकडे, निम्मे आत्याकडे. ऐकायला न्याय्य वाटतं, पण नंबर घातलेली पत्रं दोन खंडांत वाटायची म्हणजे पुन्हा कात्रीच लावणं.

तीन, भारतातल्या संस्थेला देणं. दोन ठिकाणी बोललो. एका ठिकाणी "जर्मन मजकूर आहे, आमच्याकडे वाचणारं कुणी नाही" आणि दुसरीकडे "आणून ठेवा, बघू". 'बघू'वर मी तरी माझे कागद ठेवले नसते.

चार, आधी नीट स्कॅन करायचं, वाचून घ्यायचं, आणि ओरिजिनलचं काय ते नंतर ठरवायचं. वेळखाऊ होतं, पण यात मागे फिरायची सोय होती, बाकी तिन्हींत नव्हती. मी यालाच जोर लावला.

काय केलं

ट्रंक रिकामी करायच्या आधी जशी होती तशी फोटो काढली, थरानुसार. कोणता गठ्ठा कशाच्या शेजारी होता हेही कामाचं असतं. मग सुतळी सोडली, गंजलेल्या टाचण्या काढल्या (ओढून नाही, टाचणीखाली प्लास्टिकची पट्टी सरकवून, हळूच), वाळलेली सेलोटेप होती तिथे हात लावला नाही. आम्लविरहित कागदाच्या फोल्डरात एकेक घातलं, प्रत्येकावर मऊ पेन्सिलीने नंबर. पावसाळा तोंडावर होता, म्हणून ट्रंक पुन्हा वापरायची नाही असं ठरलं, पत्र्याला आतून घाम सुटतो. पुठ्ठ्याचे चांगले बॉक्स, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

स्कॅनिंग नातवाने केलं आणि फार छान केलं. ६०० डीपीआय, दोन्ही बाजू, कोरी असली तरी. फोनच्या ॲपने करू नको म्हटलं, ते ॲप कडा कापतं आणि कागद पांढराफट्ट करतं, सेन्सॉरची फिकट जांभळी रेघ त्यात उडून जाते.

मग वाचणं. आम्हाला वाटलं पुण्यात जर्मन शिकलेले रग्गड, एका वीकेंडचं काम. जर्मनची बी-टू ही वरची परीक्षा पास झालेली एक मुलगी आली, पत्र हातात घेतलं आणि दहा मिनिटं नुसती बघत बसली. एक शब्द लागेना. कारण हे कुरेंट नावाच्या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणात लिहिलेलं. मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण हे आपलं मोडीच की! उत्तम मराठी येतं पण मोडी समोर आलं की कपाळावर हात, तसंच. मग इन्सब्रुक विद्यापीठात सुरू झालेलं ट्रान्सक्रिबस नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, ते हस्ताक्षर वाचतं, पहिल्या फेरीत दर ओळीत दोन-तीन चुका. त्या व्हिएन्नातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मोफत सुधारून दिल्या, दर रविवारी व्हिडिओ कॉल.

वाचायला लागल्यावर सगळ्यात आधी जे हाताला लागलं ते कुणी लक्षात घेतलेलंच नव्हतं. टाइप केलेली चार पानं, बाहेर न्यायच्या सामानाची यादी. देश सोडताना अशी यादी करून मंजूर करून घ्यायला लागायची, वस्तू १९३३ च्या आधीची की नंतरची की नुकती घेतलेली, तेही लिहायचं. शर्ट सहा. उन्हाळी सूट दोन, नवे. मच्छरदाणी एक, नवी. आणि खाली, कॉफी दळायचं यंत्र, हाताने फिरवायचं, जुनं. नातवाने ते मोठ्याने वाचलं आणि काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ते यंत्र त्यांच्या फडताळात आहे. सासूबाई त्यात वेलदोडे कुटायच्या, म्हणजे दळायच्या, श्रीखंडासाठी. लाकडी डबी, वर पितळी वाटी, दांड्याची मूठ झिजलेली. घरात ते 'आजीचं यंत्र' होतं.

सांगायचं की नाही

रेडक्रॉसच्या फॉर्मवर २५ शब्दांची मर्यादा असायची, घरगुती मजकूर फक्त, जिनिव्हामार्गे यायचे, पोचायला महिनोनमहिने. चौथा आणि शेवटचा फॉर्म मे १९४२ चा. आई लिहिते की तब्येत ठीक आहे, काळजी करू नकोस, आपण आता प्रवासाला निघतोय. काकांना लहानपणी वडिलांनी एवढंच सांगितलेलं, "आजी युद्धात गेली", आणि काका समजून चालले की आजारपणाने वगैरे.

नातवाने रात्री एकट्याने बसून शोधलं. व्हिएन्नाच्या दस्तऐवज केंद्राकडे ऑस्ट्रियातल्या बळींच्या नावांचा डेटाबेस आहे, ऑनलाइन, कुणालाही बघता येतो. पणजीचं नाव पाच मिनिटांत सापडलं. जून १९४२, व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला. तिकडे व्हिएन्नातून जवळपास दहा हजार माणसं नेली, बहुतेकांना पोचल्या पोचल्या गोळ्या घातल्या, वाचलेले १७.

त्याने मला फोन केला. "बाबांना सांगू का?" मी म्हटलं थांब जरा, त्यांचं बीपी, घर बदलायचं टेन्शन, शिफ्टिंग होऊ दे. ही माझी चूक, आता स्पष्ट म्हणतो. तीन आठवडे पोरगं ते एकटं घेऊन फिरत होतं, आणि काका समोर बसून प्रत्येक पत्राला विचारत होते, "मग पुढे काय झालं?" शेवटी आत्यालाच तिकडे आर्कायव्हमधून ईमेल आली आणि तिने भावाला रात्री व्हॉट्सॲपवर सांगून टाकलं. काका रडले नाहीत. सकाळी मुलाला म्हणाले, "तुला माहीत होतं ना. मला का नाही सांगितलंस?"

शेवटी काय झालं

ओरिजिनल पुण्यातच, काकांकडे, एकत्र. स्कॅन आत्याच्या नावाने न्यूयॉर्कच्या संस्थेला गेले, तिच्या हातून, हेच तिला हवं होतं असं नंतर लक्षात आलं. पुरातत्त्व खात्याकडचा अर्ज केलाच नाही, कारण बाहेर न्यायची गरज उरली नाही. तिचं नागरिकत्वाचं कामही ओरिजिनलशिवाय झालं. जन्माची नोंद व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या दफ्तरात होती, राहत्या पत्त्याची नोंद शहराच्या आर्कायव्हमध्ये, दोन्हींचे दाखले तिथूनच मिळाले. ज्यावरून भावाबहिणीत एवढं भांडण झालं ते लागणारच नव्हतं! नातवाने अर्ज केला नाही. ऑस्ट्रिया दुसरं नागरिकत्व ठेवू देतं पण आपण ठेवू देत नाही, घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं, आणि एवढं करायचं त्याच्या मनात नव्हतं. पासपोर्टची रंगीत प्रत फ्रेम केलीय, खरा बॉक्समध्ये आहे.

काय वेगळं करता आलं असतं

मी पहिल्या फोनलाच "कशालाही हात लावू नका" म्हणायला हवं होतं. मी "शनिवारी येतो" म्हणालो आणि त्या शनिवारच्या आत लॅमिनेशन झालं. कायद्याची गोष्टही पहिल्याच बैठकीत काढायला हवी होती, मी ती आत्याने हँडबॅग काढल्यावर काढली, त्यामुळे ती तिला कायदा न वाटता काकांची बाजू वाटली. व्हिएन्नातून दाखले मिळतात का हे आधी एका ईमेलने विचारलं असतं तर अर्धं भांडण झालंच नसतं. आणि ते तीन आठवडे. कुणाला काय झेपेल हे मी बाहेरचा कोण ठरवणार.

तिकिटांचं मात्र अजून चालू आहे. काकांनी मध्यंतरी काहीच न बोलता त्यांचा शाळेतला अल्बम आणून ठेवला. तिकिटं सगळी आहेत, बरीचशी कागदासकट कापलेली, शिक्क्याचे तुकडे शाबूत, आणि शिक्क्यात तारीख असते. १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंतची हिंडेनबर्गच्या तोंडाची जर्मन तिकिटं. त्यानंतरची मात्र हंगेरीची. आईची पत्रं तर सगळी व्हिएन्नाची, मग हे काय? युद्ध सुरू झाल्यावर तिथून थेट भारतात टपाल बंद होतं, हंगेरी तेव्हा तटस्थ. पत्रांत 'बुडापेस्टची मावशी' सारखी येते, आम्हाला वाटायचं नातलगांची ख्यालीखुशाली चाललीय. ती मावशी पाकीट बदलून पत्रं पुढे मुंबईला धाडत होती.

काका दुपारी जेवण झालं की भिंग घेऊन बसतात. आत्तापर्यंत ११ पत्रांची तारीख लागलीय.